ट्रॅक्टर बोलतो, आपण ऐकतो का?

ओझरला विघ्नहराच्या देवळापुढे नवा ट्रॅक्टर उभा असला की लांबूनच ओळखू येतो. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला लाल धागा, आणि घरातली थोरली बाई हळदीकुंकू वाहतेय. पूजा होते, पेढे वाटले जातात आणि ट्रॅक्टर शिवाराच्या वाटेला लागतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गेल्या काही वर्षांत देवळापुढे येणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये एक वस्तू नव्याने आली आहे. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिला कुंकू लागत नाही. वहीएवढी धातूची पेटी, तिला जाडजूड वायरिंगचे जुडगे जोडलेले. तिला ईसीयू म्हणतात. आपण सरळ ‘मेंदू’ म्हणू. इंजिनात डिझेल किती, कधी आणि किती वेळ सोडायचे हे आता ही पेटी ठरवते. हा मेंदू आपल्याशी बोलतोही. फक्त त्याची बोली आपल्याला कोणी शिकवलेली नाही, आणि त्यापायी नुकसान होते. ते कसे, हे डोळ्यांनी पाहिले म्हणून हा लेख.

एका वेल्डिंगची गोष्ट

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. ओझरच्या शिवारातल्या एका बागायतदाराने ५५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर कर्ज काढून घेतला आणि ऊस वाहतुकीला लावला. एका संध्याकाळी ट्रॉलीचा हूक तडकला. टोळीने ऊस तोडून ट्रॉली भरून ठेवलेली, सकाळची खेप गाठायची, म्हणून ट्रॅक्टर तसाच वेल्डिंगच्या दुकानात नेला. वेल्डरने अर्थिंगचा चिमटा पुढच्या बंपरला लावला आणि मागे हुकाला टाके मारले. बॅटरी जोडलेलीच होती. पंधरा मिनिटांत काम झाले.

मी तिथेच उभा होतो. ठिबकच्या अनुदानाच्या कागदांवर त्यांची सही हवी होती, म्हणून थांबलो होतो. वेल्डिंग होईपर्यंत आम्ही चहा घेतला.

सकाळी त्यांचा फोन आला. “साहेब, ट्रॅक्टर चालू होतोय, पण रेसच घेत नाय. पिवळा दिवा लागलाय.” भरलेली ट्रॉली चढाला अडकली होती. गावातला फिटर आला. पंचवीस वर्षे पंप-नोझलचे काम केलेला माणूस. त्याने डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली, एअर क्लीनर झटकला, पण फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मेकॅनिक आला. सॉकेटला वायर जोडली, दहा मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “वेल्डिंग केलं होतं का?”

मेंदूची पेटी जळाली होती. वेल्डिंगमुळे जळाली म्हणून ती वॉरंटीत बसली नाही. ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवावा लागला, त्याचे भाडे वेगळे, आणि तोडलेला ऊस दोन दिवस वाळल्याने वजनात घट आली ती वेगळी. हंगाम ऐन भरात असताना ट्रॅक्टर उभा आणि कर्जाचा हप्ता चालू.

चूक कोणाची? वेल्डरने आजवर शेकडो ट्रॅक्टरना असेच टाके मारले होते, कधी काही झाले नव्हते. शेतकऱ्याला कोणी सांगितले नव्हते. आणि मी? पदविकेला शेती अवजारे हा विषय शिकलो, रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्रावर प्रात्यक्षिके घेतो, पण “थांबा, आधी बॅटरी सोडा” हे चार शब्द मलाही सुचले नाहीत. त्यानंतर मात्र हा विषय मी मुद्दाम समजून घेतला.

पंप गेला, मेंदू आला

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक असायचा. गिअरवर फिरणारा पंप, आत वजने आणि स्प्रिंग असलेला गव्हर्नर. ओझे वाढले, फेरे कमी झाले की गव्हर्नर आपोआप डिझेल वाढवायचा. साधे आणि टिकाऊ काम. फिटर कानाने ऐकून टायमिंग सांगायचा.

पण धुराचा प्रश्न होता. ट्रॅक्टरच्या धुरावर आपल्या देशात १९९९ पासून ‘ट्रेम’ नावाची बंधने आली आणि टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. चौथा टप्पा पुढे ढकलत ढकलत अखेर १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना लागू झाला. एवढा कमी धूर काढायचा तर डिझेल अगदी मोजून, ठरल्या क्षणी आणि प्रचंड दाबाने फवारावे लागते. त्यासाठी कॉमन रेल पद्धत आली. एका जाड नळीत डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने भरून ठेवायचे आणि प्रत्येक नोझल विजेच्या इशाऱ्यावर उघडायचे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, त्यावरून या दाबाचा अंदाज घ्या.

हा इशारा किती अचूक हवा, याचा हिशोब करू. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एक फेरा ३० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एका सेकंदात तेहतीस फेरे. त्या फेऱ्याचा एक अंश फिरायला सेकंदाचा बारा हजारावा भाग लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ४,००० वेळा डिझेल सोडायचे, आणि प्रत्येक वेळी अंशाचाही फरक चालत नाही. स्प्रिंग आणि वजनांच्या आवाक्यातले हे काम नाही. म्हणून पेटीत छोटा संगणक आणि त्यात कायमची भरलेली आज्ञावली. हा संगणक पत्रे टाईप करीत नाही की चित्रे दाखवीत नाही. जन्मभर एकच काम करतो, पण वेळेवर करतो. उशिरा दिलेले बरोबर उत्तर त्याच्या धंद्यात चूकच धरतात.

हा मेंदू सेन्सरकडून खबर घेतो. इंजिनचे फेरे, पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब, रेलमधला डिझेलचा दाब, एक्सिलरेटर किती दाबला आहे, ही सगळी माहिती येते, आणि त्यावरून हुकूम सुटतो.

आज्ञावली मधेच अडकली तर? त्याचीही सोय असते. उसाला रात्री पाणी भरताना बिबट्याच्या भीतीने आपण दोघे जण जातो आणि थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हाळी देतो. हाळी आली नाही की दुसरा टॉर्च घेऊन धावतो. पेटीतही असेच एक राखणदार घड्याळ असते. आज्ञावलीने त्याला ठरावीक वेळात हाळी दिली नाही, तर ते संगणक बंद करून पुन्हा चालू करते.

दोन वायरींची बोलचाल

मोठ्या ट्रॅक्टरमध्ये हा मेंदू एकटा नसतो. मीटरचा डॅशबोर्ड, काही ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक लिफ्ट आणि गिअर यांनाही आपापली पेटी असते. प्रत्येकीपासून प्रत्येकीला वेगळी वायर टाकायची म्हटले तर वायरिंगचा पेंढा होईल. मोटारींत हीच अडचण आली होती. त्यावर जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली तोड काढली. सगळ्यांनी एकाच जोडवायरीवर बोलायचे. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. दुधाचा कॅन नव्हे बरं का! आज जगातल्या बहुतेक मोटारी, ट्रक, मोठे ट्रॅक्टर याच दोन वायरींवर बोलतात.

या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात. पीळ असल्याने बाहेरच्या विजेची लुडबूड दोन्हींवर सारखीच होते आणि ऐकणारा फक्त दोन्हींतला फरक मोजतो, म्हणून निरोप बिघडत नाही. कोणी बोलत नसताना दोन्ही वायरींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनपर्यंत चढते, दुसरी दीडपर्यंत उतरते. ट्रॅक्टरमध्ये या वायरीवरून सेकंदाला अडीच लाख ठिपके जातात, म्हणजे एक निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पोचतो.

दोन पेट्या एकदम बोलू लागल्या तर? गावच्या बैठकीत दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. इथे तसे होत नाही. प्रत्येक निरोपाला नंबर असतो, आणि जितका नंबर लहान तितका मान मोठा. मोठ्या नंबरचा निरोप जागच्या जागी गप्प बसतो आणि वाट मोकळी झाली की पुन्हा निघतो. मानाच्या निरोपाचे एक अक्षरही वाया जात नाही. इंजिनच्या फेऱ्यांची खबर सेकंदात अनेक वेळा जाते. पाण्याचे तापमान सावकाश बदलते, ते साधारण सेकंदाला एकदा सांगितले की पुरते.

हा रस्ता शाबूत आहे का, हे साध्या मल्टिमीटरने तपासता येते. वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध जोडलेला असतो. चावी बंद, बॅटरी सोडलेली, अशा वेळी दोन वायरींमध्ये मोजले तर सुमारे ६० ओहम दाखवले पाहिजेत. १२० दाखवले तर एक टोक तुटलेले. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या, बहुधा उंदराने कुरतडल्या. उसाच्या आणि कडब्याच्या शेजारी ट्रॅक्टर उभा असला की उंदीर वायरिंगमध्ये घर करतो, हे मी वेगळे सांगायला नको.

दिवा म्हणजे तक्रार, कोड म्हणजे कारण

आता मुख्य गोष्ट. मेंदूला काही खटकले की तो दोन कामे करतो. डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि आपल्या वहीत कोड लिहून ठेवतो. बिघाड गंभीर वाटला तर तिसरे काम म्हणजे मुद्दाम ताकद कमी करतो. इंजिन वाचावे आणि ट्रॅक्टर लंगडत का होईना घरी पोचावा, एवढाच हेतू असतो. आपण मात्र “पिकअप गेला” म्हणून पंप खोलायला घेतो.

मोठ्या वाहनांच्या बोलीत कोडला दोन भाग असतात. पहिल्याला एसपीएन म्हणतात, तो कुठे दुखते ते सांगतो. दुसरा एफएमआय, तो कसे दुखते ते सांगतो. काही नंबर जगभर ठरलेले आहेत. ९१ म्हणजे एक्सिलरेटर, ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी, १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचे तापमान, १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब, १९० म्हणजे इंजिनचे फेरे. दुसऱ्या भागात ० म्हणजे आकडा धोक्याइतका वर गेला, ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे व्होल्टेज कमी, ५ म्हणजे वायर तुटलेली किंवा कप्लर निघालेला.

उदाहरण घ्या. ११० आणि ० असा कोड आला तर इंजिन खरोखर तापले आहे, ताबडतोब थांबा. पण ११० आणि ३ किंवा ४ आला तर इंजिन गार असू शकते, बिघाड तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. दिवा दोन्ही वेळा लागतो. एकीकडे हेडचे काम निघते, दुसरीकडे कप्लर साफ करून भागते. कोड न वाचता काम करणारा फिटर म्हणजे मातीपरीक्षण न करता खत टाकणारा शेतकरी.

काही कंपन्या आपले वेगळे नंबरही वापरतात, त्यामुळे ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक कपाटात न ठेवता टूलबॉक्समध्ये ठेवावे.

आपल्याच रस्त्यावर घडणारी विद्या

ही सगळी परदेशी जादू आहे असे समजू नका. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उभे राहा. एका टोकाला पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, ती १९६६ पासून वाहनांचे काम करते. हिंजवडीला केपीआयटीसारख्या कंपनीत आपलीच मराठी मुले-मुली वाहनांच्या पेट्यांची आज्ञावली लिहितात. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नाशिकच्या बॉश कारखान्यात कॉमन रेलचे नोझल तयार होतात. म्हणजे विद्या दोन्ही बाजूंना आहे. मधल्या गावातल्या फिटरपर्यंत तेवढी ती पोचलेली नाही.

आणि हाच कळीचा प्रश्न आहे. कोड वाचायला लागणारा स्कॅनर आणि त्याची आज्ञावली कंपनीच्या मेकॅनिककडे असते. हंगामात तो एक आणि त्याची वाट पाहणारे अनेक. गावचा फिटर हुशार असूनही हात बांधून उभा राहतो. हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतले शेतकरी याच कारणासाठी वर्षानुवर्षे भांडले. तिथल्या कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग आणि आज्ञावली शेतकऱ्याला व स्वतंत्र मेकॅनिकला मिळाली पाहिजेत, असा त्याचा अर्थ.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. तिने हाती घेतलेल्या क्षेत्रांत मोटारगाड्या, मोबाईल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर शेती अवजारेही होती. डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू झाले. पोर्टल निघाले म्हणून बांधावरचा ट्रॅक्टर चालू होत नाही, हे खरे. पण मागितल्याशिवाय आईही वाढत नाही. ट्रॅक्टर घेताना पैसे मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. कोड वाचायला किती दिवसांत माणूस येईल? आमच्या फिटरला स्कॅनर आणि पुस्तक मिळेल का? मेंदूच्या पेटीची किंमत काय आणि वॉरंटी कशाने जाते? कोड डॅशबोर्डवर दिसतो का? उत्तरे लेखी घ्या. अन्याय झाला असे वाटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. एकेकट्याला स्कॅनर परवडणार नाही. पण एखादी विकास सोसायटी, शेतकरी गट किंवा ट्रॅक्टरमालकांनी मिळून तो घेतला आणि गावच्या फिटरला किंवा आयटीआय झालेल्या एखाद्या मुलाला शिकवून तयार केले, तर दहा गावांचे काम भागेल. द्राक्षासाठी गट करून आपण परदेशाची बाजारपेठ गाठली. हे त्याहून अवघड नाही.

आपला ट्रॅक्टर कोणता?

सगळ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. द्राक्षबागेत फवारणीला चालणारे बहुतेक छोटे ट्रॅक्टर आणि बरेचसे जुने ट्रॅक्टर अजून यांत्रिक पंपाचे आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. बॉनेट उघडा. प्रत्येक नोझलला डिझेलच्या नळीबरोबर विजेची वायरही जात असेल, तर तुमचा ट्रॅक्टर बोलणारा आहे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळा.

१) वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचे वजा टोक सोडा, मग अधिक टोक. शक्यतो तो भाग काढूनच वेल्डिंग करा. ते जमत नसेल तर अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा आणि पेटीचे कप्लर काढून ठेवा. पुन्हा जोडताना आधी अधिक, मग वजा.

२) इंजिन चालू असताना किंवा नुकतेच बंद केले असताना कॉमन रेलची नळी सैल करून एअर काढू नका. जुन्या इंजिनावर चालणारी ही सवय इथे जिवावर बेतते. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. तसे झाले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने मोठ्या दवाखान्यात जा.

३) डिझेल स्वच्छ भांड्यातून गाळून भरा. वॉटर सेपरेटरमधले पाणी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काढत जा. या नोझलमधली फट केसाहूनही कितीतरी बारीक असते.

४) प्रेशरने धुताना पेटी, कप्लर आणि सेन्सरवर पाण्याचा झोत मारू नका.

५) दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट करताना अधिक-वजा दोनदा तपासा. उलट जोडले तर पेटी जाते.

६) म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिव्यांसाठी मेंदूच्या वायरिंगला टाका मारू नका. फ्यूज घालून वेगळी वायर घ्या.

७) लाल दिवा लागला तर जागीच थांबा. पिवळा लागला तर जपून घरी न्या, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. कोड दिसत असेल तर तो पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

८) ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर उंदरांचा बंदोबस्त करा आणि वायरिंग नजरेखालून घाला.

त्या बागायतदाराचा ट्रॅक्टर नवी पेटी बसवून पुन्हा चालू झाला. हंगामाचा उरलेला ऊस त्यानेच ओढला. आता त्या वेल्डिंगच्या दुकानात, जिथे ग्राहक उभा राहतो तिथे, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘आधी बॅटरी सोडा.’ वेल्डरने ते स्वतःहून लिहिले. परवा मी तिथून गेलो तेव्हा एक ट्रॅक्टर आला होता आणि वेल्डर पाना घेऊन आधी बॅटरीकडेच गेला.

नवा ट्रॅक्टर आणलात की विघ्नहराला नारळ जरूर फोडा. घरी परतल्यावर तेवढे पुस्तक उघडा, दिव्यांची चित्रे पोरांना दाखवा आणि बॅटरीचे वजा टोक कोणते ते स्वतः बघून ठेवा.